तोंडातल्या टाचण्या

तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही. त्या दुकानातल्या लोकांना याची इतकी सवय झाली होती की त्यांना प्रश्न पडणंही हळूहळू बंद झालं होतं. दुकान होतं गणवेश शिवण्याचं. शाळांचे, कारखान्यांचे आणि सगळ्यात जास्त नर्सेसचे, कारण चौक ओलांडला की समोरच मोठं हॉस्पिटल होतं. दुकानाचे मास्तर गिऱ्हाइकाला आरशासमोरच्या लाकडी फळीवर उभं करायचे, डबीतून टाचण्यांचा एक घास घ्यायचे आणि मग पुढचं सगळं संभाषण दोन शब्दांत उरकायचे. 'हूं' म्हणजे वळा, 'हं' म्हणजे झालं, उतरा. त्यांच्या हातची दुमड कधी सुतभरही वाकडी गेली नाही, त्यामुळे या अबोलपणाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

या मास्तरांच्या हाताखाली तयार झालेली मौनी. तिला चांगलं आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण दुकानात ते कुणी वापरत नसे. वडील अचानक गेले तेव्हा तिची शाळा नुकतीच संपली होती. सुई कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं, अशी ती एके दिवशी काम मागायला दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. काय येतं, कुठे शिकलीस, कुणी पाठवलं, असलं काहीही मास्तरांनी विचारलं नाही. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी 'हूं' केलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवलं. त्या स्टुलावर बसून ती शिवण शिकली, टाचण्या ओठांत धरायला शिकली, तिचं लग्न झालं, कानांपाशी केस पांढरे झाले. एवढ्या काळात ती मास्तरांशी जितकं बोलली असेल, तितकं बोलणं दोन शेजारणी जिन्यात भेटल्यावर सहज आटोपतात.

मग सासूबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि समोरच्याच हॉस्पिटलात त्यांना ठेवावं लागलं. मौनी दुकान सुटलं की तिथे जाऊन बसायची. सासूबाई म्हणजे साधीसुधी आसामी नव्हती. उशी उंच झाली की त्यांची मान दुखायची आणि सखल झाली की श्वास कोंडायचा. पण त्या वॉर्डात एक नर्स होती, ती यायची, आपले हात गरम पाण्याने शेकून घ्यायची आणि मग सासूबाईंना कुशीवर वळवायची. आधी सांगायची, मग वळवायची. सासूबाई तिच्यापुढे एका अक्षराने कुरकुरत नसत. मौनी बाजूला बसून हे बघायची. त्या नर्सच्या अंगावरचा गणवेश आपणच शिवलाय, हे तिला शिलाईवरून कळलं होतं. गणवेश आपला, आत माणूस दुसरं. ते माणूस आपण का नाही, हा प्रश्न तिला तिथे पहिल्यांदा पडला आणि पडला तो काही उठेना.

घरी बोलायला तिने बरेच दिवस घेतले. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, स्वभावाने गार. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जमेल तुला. पण आत घेतील का?"

खरी मेख तिथेच होती. नर्सिंगला जायचं म्हणजे काय, हे मौनीला माप द्यायला येणाऱ्या मुलींच्या बडबडीतून कळलेलं होतं. बहुतेक कॉलेजांत प्रवेशाच्या आधीच काही विषय पुरे करून यावे लागत. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, शरीररचना, संख्याशास्त्र. एकेक मुलगी फळीवर उभी राहून रडगाणं गायची, की रसायन दोनदा दिलं, की आकडेमोडीने जीव खाल्ला, आणि हे सगळं कशासाठी, तर नुसतं दारात उभं राहायला. मौनीचा विज्ञानाशी संबंध शाळेतच सुटलेला. दुकान सांभाळून एकेक विषय करत बसलं तर कॉलेजचं दार दिसेपर्यंत सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर पडायची पाळी येईल, असा तिने हिशोब केला आणि विषय मनातल्या मनात घडी घालून ठेवला.

तो पुन्हा उलगडला एका गिऱ्हाइकामुळे. एक बाई नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा गणवेश टाचून घ्यायला आली. तिचं वय चांगलंच होतं, मौनीपेक्षा दोन पावसाळे जास्तच पाहिलेली. आधी बेकरीत कामाला होती म्हणाली. मौनी गुडघ्यावर बसून तिच्या पँटची उंची टाचत होती. आरशाकडे बघत बाई आपणहून सांगत सुटली, की आमच्या स्कूलला आधीचे विषय लागत नाहीत, शाळा पास असलं की झालं, रसायन काय नि शरीर काय, सगळं तेच आत घेऊन शिकवतात, एक वर्ष जास्त जातं इतकंच. मौनीच्या तोंडात टाचण्या होत्या. कुठलं स्कूल, हे विचारायला तोंड उघडणार कसं? तिने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. सगळ्या टाचण्या तळहातावर थुंकल्या आणि विचारलं, "कुठे आहे हे?"

पलीकडे मास्तर एका बाहीवर वाकले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

घरी बैठक बसली. मोठी नणंद मुद्दाम आली. ती एका कॉलेजच्या ऑफिसात होती आणि प्रवेशाच्या भानगडी तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या. तिचं पहिलं बोलणं ऐकून मौनीचं अवसानच गळालं. नणंद म्हणाली, की काही न विचारता आत घेणाऱ्या जागा दोन जातींच्या असतात. एकीला शिकवायची हौस असते आणि दुसरीला फीची. दोन्हींची माहितीपत्रकं सारखीच गुळगुळीत. तेव्हा माहितीपत्रक बघू नकोस, तिथून बाहेर पडलेली माणसं बघ. त्यांना नर्स म्हणून नोंदणीच्या परीक्षेला बसू देतात का, ती पास होतात का, हॉस्पिटलं त्यांना कामावर घेतात का, हे त्यांच्याच तोंडून ऐक. नणंदेच्या बोलण्याला धार असायची, पण त्या दिवशी तिने जे सांगितलं त्याबद्दल मौनी पुढे जन्मभर तिचे आभार मानत राहिली, तोंडावर आणि पाठीमागेही.

कारण बाहेर पडलेली माणसं बघायची तर मौनीइतकी सोयीची जागा कुणाकडे होती? नर्सेस तर रोज तिच्यापुढे फळीवर उभ्या राहायच्या. आता ती टाचायचं काम झालं की टाचण्या डबीत ठेवायची आणि प्रत्येकीला तेच विचारायची, तुम्ही कुठे शिकलात, पुन्हा जायची वेळ आली तर तिथेच जाल का? अशा बिनअटीच्या जागा गावात दोन निघाल्या. एक नवी, काचेची इमारत. तिथल्या मुली गोड होत्या, पण त्यांतल्या एकीने कबूल केलं, की पहिला खरा रुग्ण तिने नोकरी लागल्यावरच पाहिला, तोवर सगळं पडद्यावर. दुसरी जागा म्हणजे त्या बेकरीवाल्या बाईची. जुनी, रंग उडालेली, पण हॉस्पिटलाच्याच आवारात. तिथून शिकलेल्या सगळ्याजणी आधी तिथल्या मास्तरणींना शिव्या घालायच्या आणि मग म्हणायच्या, की हो, तिथेच जाईन. शिव्या घालूनही परत जायला तयार, यापेक्षा मोठी शिफारस नणंदेच्या ऑफिसातही मिळाली नसती. निवड झाली.

मास्तरांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. सकाळी स्कूल आणि दुपारनंतर दुकान, असं चालेल का, हे मौनीने विचारलं आणि तिथे आधीचे विषय लागत नाहीत, हेही सांगितलं. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती की दुकानात बसून बटणांची काजं करणाऱ्या आजींचं यंत्र थांबलं.

"आधी काही येत नसलं तरी घेतात म्हणतेस?"

"हो."

"मग बरी जागा दिसते," मास्तर म्हणाले आणि टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या.

बरी होतीच, पण सोपी नव्हती. आत यायला अट नव्हती, आत राहायला होती. पहिल्या सत्राच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. ती होईपर्यंत विद्यार्थिनींना नुसता साधा एप्रन. पास झालात तर गणवेश, नापास झालात तर आणखी एक संधी आणि तीही गेली तर जागा दुसऱ्या कुणाला. आम्ही तुम्हाला येताना पारखलं नाही, ते आत्ता पारखू, असं स्कूलच्या मुख्य मॅडमनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं होतं. त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटायचा.

मौनी झटून अभ्यासाला लागली. नणंद दर सुट्टीला येऊन रसायन घ्यायची आणि डोक्याला हात लावायची, पण यायची. सासूबाई तोवर काठी टेकत हिंडू लागल्या होत्या. त्यांनी स्वतःहून रुग्णाची भूमिका पत्करली. हात, गुडघा, डोकं, जे मागाल ते पट्टी बांधायला हजर. एकदा शेजारीण डोकावली तर सासूबाई डोक्यापासून घोट्यापर्यंत पट्ट्यांत, मजेत वर्तमानपत्र वाचताहेत. शेजारीण घाबरून विचारपूस करायला लागली, तेव्हा सासूबाईंनी ठसक्यात सांगितलं, "काही झालं नाही. सून शिकतेय."

लेखी परीक्षा ती चांगली पास झाली. मग प्रात्यक्षिक. खाटेवर एक प्लास्टिकचा पुतळा, त्याच्या दंडावर जखम. जखम साफ करायची, औषधाची घडी ठेवायची, वरून पट्टी गुंडाळायची आणि टोक सेफ्टी पिनने पक्कं करायचं. मौनीने हात धुतले ते बघण्यासारखे. तिची पट्टी मुख्य मॅडमनी वाकून पाहिली, एक वेढा इकडचा तिकडे नाही. शेवट आला. एका हाताने पट्टी धरलेली, दुसऱ्या हाताने टोक दुमडायचं, आणि पिन? हातांनी तिला विचारलंच नाही. पिन उघडली गेली आणि ओठांत गेली.

मुख्य मॅडम म्हणाल्या, "थांबा."

ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, की जखमेजवळचं काहीही तोंडात गेलं म्हणजे इथवरचं सगळं धुणं वाया गेलं. ही चूक मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहते आहे, पण पहिल्यांदा पाहिली म्हणून सोडता येत नाही. मौनीच्या तोंडात अजून पिन होती.

त्या दुपारी ती दुकानात आली आणि स्टुलावर बसून रडली. इतक्या वर्षांत तिथे कुणी रडलं नव्हतं. मास्तरांना काय झालं ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ती खोड त्यांनीच तर लावली होती. त्यांनी कपाटातून मनगटावर बांधायची टाचण्यांची उशी शोधून काढली आणि तिच्या हाताला बांधली. पण खोड अशी उशीला दबत नाही. मौनी चार टाचण्या उशीवरून घ्यायची आणि पाचवी ओठांत. स्वतःचंच तोंड बघून चिडायची. मास्तर दोन दिवस बघत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की समोर आपण तोंड भरून बसलेलो असताना या पोरीचं तोंड रिकामं राहील कसं?

तिसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं. आजपासून या दुकानात कुणाच्याही तोंडात टाचणी दिसता कामा नये. आजींच्या नाही, मौनीच्या नाही, माझ्याही नाही. सगळं आयुष्य ज्या सवयीवर काढलं, ती त्या वयात त्यांनी एका सकाळी सोडली. मनगटाला उशी बांधून काम करताना त्यांची बोटं अडखळायची, टाचणी भलतीकडे टोचायची. एक शब्द तक्रारीचा नाही.

तक्रारीचा नाही, पण बाकीचे शब्द मात्र सुटले. सुरुवातीला मास्तर रिकाम्या तोंडाने नुसतेच बसायचे. मग हवेबद्दल दोन वाक्यं झाली, मग सुताच्या दर्जाबद्दल, आणि आठवडा संपायच्या आत सगळ्यांना कळून चुकलं, की मास्तर मुळात बडबडे आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं. बटणांवर होतं, डॉक्टरांवर होतं, तरुणपणी न केलेल्या एका प्रवासावर तर फारच होतं. इतकी वर्षं हे सगळं टाचण्यांमागे अडून बसलं होतं. जुनी गिऱ्हाइकं पँट घ्यायला यायची आणि तासाभराने सुटायची. आजी म्हणाल्या, की टाचण्या परवडल्या.

त्यातूनच त्यांना उपाय सापडला. बोलत असताना टाचणी तोंडात धरता येत नाही, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवलं होतं. ते मौनीला म्हणाले, "तू बोलत राहा."

"काय बोलू? मला नाही सुचत."

"जे करतेस ते सांग. आधी सांग, मग कर."

मौनी दचकली. वॉर्डातली ती नर्स नेमकं हेच करायची. मग ती माप घेताना बोलू लागली. सुरुवातीला लाजत, पुटपुटत. आता बाही वर घेते हं, हात जरा लांब करा. आता टाचणी लावतेय, टोचली तर सांगा. पाय दुखत नाही ना उभं राहून? गिऱ्हाइकं आधी चमकली, मग उत्तरं देऊ लागली. घरी सासूबाईंनाही तेच. त्यांना तर उत्तर द्यायला निमित्तच हवं असायचं. हळूहळू तिचा हात तोंडाकडे निघायचा आणि तोंड बोलण्यात गुंतलेलं बघून वाटेतूनच परत फिरायचा.

दुसऱ्या परीक्षेला तोच पुतळा होता, त्याच दंडावर जखम. दारातून आत पाऊल टाकताना तिला कळत होतं, की आज चुकलं तर हे दार पुन्हा उघडणार नाही. सासूबाईंचा मोडलेला खुबा, नणंदेच्या सुट्ट्या, मास्तरांची टोचलेली बोटं, सगळं तिच्याबरोबर आत आलं. तिने हात धुतले आणि पुतळ्यापाशी जाऊन म्हणाली, "मी तुमची पट्टी बदलायला आले आहे. दंड जरा उचलते हं."

कुणीतरी मागे हसलं. मौनीला ते ऐकूही गेलं नाही. ती पुतळ्याला सांगत गेली आणि करत गेली. थंड लागेल जरा. आता वरची घडी ठेवते. शेवटी पट्टीचं टोक दुमडलं, पिन उघडली, हात सवयीने वर उचलला गेला. मुख्य मॅडमनी तो पाहिला. तेवढ्यात मौनी पुतळ्याला विचारत होती, "घट्ट तर नाही ना झाली?" हात हनुवटीपाशी आला, घुटमळला आणि पिन थेट पट्टीत गेली.

मुख्य मॅडमनी वाकून पिन पाहिली. मग मुख्य मॅडम म्हणाल्या, "पुतळ्याशी कुणी बोलत नाही. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"आमच्या मास्तरांनी."

"कुठल्या वॉर्डला असतात ते?"

"शिंपी आहेत ते," मौनी म्हणाली, आणि मुख्य मॅडम पहिल्यांदाच तिच्यासमोर मोकळेपणाने हसल्या.

गणवेशाचं कापड घेऊन ती दुकानात आली तेव्हा मास्तरांनी तो स्वतः कापला, स्वतः शिवला आणि कुणाला हात लावू दिला नाही. टाचून घ्यायच्या दिवशी सासूबाई काठी टेकत आल्या, नवरा लिफ्टचं काम अर्धवट टाकून आला. मौनी त्या फळीवर उभी राहिली, जिथे तिने आजवर किती जणींना उभं केलं होतं. आरशात गणवेश होता आणि या वेळी आत ती होती.

मास्तर सकाळपासून गप्प होते. एवढे बोलके झालेले मास्तर, एक शब्द नाही. ते तिच्या पायाशी गुडघ्यावर बसले, मनगटावरची उशी सोडून बाजूला ठेवली, डबी उघडली आणि टाचण्यांचा मोठा घास तोंडात घेतला.

"मास्तर, फर्मानाचं काय?" आजींनी विचारलं.

मास्तरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मौनीच्या मनात कितीतरी दिवसांपासून साठलेलं होतं. बोलायची सवय तिला आता त्यांनीच लावली होती, म्हणून ती बोलली.

"मास्तर, मला काही येत नव्हतं तेव्हा तुम्ही काही न विचारता बसायला स्टूल दिलंत. ते दिलं नसतं तर मी इथे उभी नसते. मी तुमची फार ऋणी आहे."

"हूं," मास्तर म्हणाले.

ती वळली. मास्तर टाचत राहिले. एका पायाला लागतात त्याच्या दुप्पट टाचण्या त्यांनी लावल्या आणि तोंड रिकामं झाल्यावर पुन्हा डबी उघडून भरून घेतलं. मान काही त्यांनी वर केली नाही. सासूबाई काहीतरी बोलणार होत्या, पण मौनीच्या नवऱ्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. बऱ्याच वेळाने पायाशी 'हं' ऐकू आलं.

मौनीने आरशात पाहिलं. डाव्या पायाची दुमड चांगली बोटभर वाकडी गेली होती. तिने कुणाला सांगितलं नाही. घरी नेऊन ती टाचली होती तशीच शिवली आणि दुसऱ्या दिवशी तो गणवेश घालून वॉर्डात गेली.